किनारपट्टीचीं प्रवासचित्रें आणि त्यांचें साधनमूल्य

पश्चिम किनाऱ्यावरील कोळीवाडे व तेथील मच्छीमारीची परंपरा यांवर अलीकडे पुष्कळ प्रवासचित्रें निघत आहेत. गेल्या पावसाळ्यांत आम्हीं नागपुरांत, जरीपटक्यांतील आमच्या घरीं बसून, अशीं दहा-बारा चित्रें लक्षपूर्वक पाहिलीं. त्यांच्या मनोहरतेविषयीं लिहिणें हें या त्रैमासिकाचें काम नव्हे. प्रश्न इतकाच कीं, पुढील शतकांतील संशोधकानें हीं चित्रें साधन म्हणून हातीं धरावीं काय?

हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. कोळी, गाबीत, खारवी, भंडारी या दर्यावर्दी लोकांनीं स्वतः लिहिलेले कागद फार थोडे. जुन्या दप्तरांत ते दिसतात ते बहुधा साऱ्याच्या किंवा आरमारच्या चाकरीच्या निमित्तानें. १६७९ सालीं खांदेरीस इंग्रजांच्या नौकांनीं नाकेबंदी केली असतां मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीं त्यांस चुकवून बेटावर सामान पोंचवीत, हें इंग्रजांच्याच पत्रांतून कळतें. वल्हें मारणारा त्या रात्रीं काय बोलला, तें कोणीं लिहून ठेविलें नाहीं. आज तोच वल्हेकरी कॅमेऱ्यापुढें उभा आहे. त्याचें बोलणें हरवलें, तर या वेळीं दोष काळाचा नव्हे, आपला.

परंतु या चित्रांत बहुधा त्यास बोलूं देत नाहींत. यजमान बोलतो, वाद्यें वाजतात, आणि म्हाताऱ्या तांडेलाचें वाक्य अर्ध्यावर तुटतें. परिणाम शब्दांवर दिसतो. एका चित्रांत खाडीच्या प्रवाहांतील डोल दाखवून ‘कोळी जाळें फेंकीत आहेत’ असें सांगितलें आहे. पाग फेंकतात, रापण किनाऱ्यावरून अनेक जण मिळून ओढतात, डोल फेंकीतही नाहींत व ओढून आणीतही नाहींत, ती प्रवाहाकडे तोंड करून जागीं बांधतात आणि पाणी फिरण्याच्या वेळीं रिकामी करतात. तीन क्रियापदांत तीन निराळे उद्योग आहेत. रापणींत मिळालेल्या मासळीचे वांटे पडतात, डोलीचें गणित भरती-ओहोटीचें असतें. सर्वांस ‘जाळें फेंकणें’ म्हटलें कीं हा भेद नाहींसा होतो.

दुसरा दोष अधिक गंभीर. एका चित्रांत नारळी पौर्णिमेचा म्हणून दाखविलेला सोहळा मावळत्या सूर्याच्या प्रकाशांत चालला आहे आणि पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीस लागलें आहे. किनाऱ्यावरील ढोबळ रीत अशी कीं, तिथीची पाऊणपट करावी. येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती. अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. प्रत्यक्षांत पौर्णिमेची भरती मध्यान्हाच्या आसपास येते व सुमारें सहा तासांनीं ओहोटी पुरी होते. शिवाय पौर्णिमेस उधाण असल्यामुळें ओहोटीही खोल जाते. तेव्हां त्या दिवशीं सूर्यास्तास वरची पायरी भिजणें शक्य नाहीं. तो प्रसंग दुसऱ्या कोणत्या तरी तिथीस करवून घेतलेला असावा, किंवा दोन दिवसांचीं चित्रें सांधलेलीं असावींत. पत्रांतील तिथि-वार जंत्रीशीं ताडून आपण बनावट कागद ओळखतों. येथें समुद्रच जंत्रीचें काम करतो. पोथींत ज्यास आपण प्रक्षेप म्हणतों तो हाच.

हा रोग केवळ आपल्याकडचा नव्हे. आयर्लंडच्या किनाऱ्याजवळील आरन बेटांवर रॉबर्ट फ्लाहर्टी यांनीं १९३४ सालीं ‘मॅन ऑफ आरन’ हा विख्यात चित्रपट केला. त्यांत बेटकऱ्यांकडून दोर बांधलेल्या भाल्यानें प्रचंड शार्क माशाची शिकार करविली आहे. ती रीत तेथें कित्येक दशकांपूर्वींच बंद पडली होती व लोकांस नव्यानें शिकवावी लागली. ही माहिती नोंदलेली राहिली म्हणूनच आज तो चित्रपट सावधपणें वापरतां येतो.

कोणी म्हणतील, हीं चित्रें करमणुकीसाठीं आहेत, त्यांस इतकी कसोटी कशाला? बखरीही आपल्यासाठीं लिहिलेल्या नव्हत्या. तरी त्या तपासूनच आपण इतिहासास लावतों. आणि गुणही सांगितला पाहिजे. एका चित्रांत मासळीचा लिलाव पुकारणाऱ्या वृद्ध कोळिणीस चार मिनिटें कोणीं अडविलेलें नाहीं. तिचे आंकडे, हेल, घासाघीस, सर्व जसेंच्या तसें आहे. तेवढ्यासाठीं तें चित्र जपून ठेवण्याजोगें आहे.

आमची सूचना साधी आहे. लेखक पोथीच्या शेवटीं शक, तिथि, स्थळ व आपलें नांव देतो. तशी पुष्पिका या चित्रांस असावी. गांव व बंदर, तारीख व तिथि, बोलणाऱ्याचें नांव त्याच्या संमतीनें, आणि कोणता प्रसंग मुद्दाम करवून घेतला, एवढें शेवटीं द्यावें. न कापलेलें मूळ मुद्रण, बोलण्याच्या लेखी प्रतीसह, एखाद्या संशोधनसंस्थेंत ठेवावें. हस्तलिखितांच्या संग्राहकांनींही अशा मुद्रणांस आपल्या संग्रहांत जागा द्यावी. तीं दुय्यम साधनें नव्हेत.

समुद्रापासून शेंकडों किलोमीटरांवर राहणाऱ्या आम्हां नागपूरकरांस कोळीवाडा दिसतो तो पडद्यावरच. चूक पकडण्यास जवळ दुसरें साधन नाहीं. आमच्या वस्तींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबें वसलीं. सिंधु नदी सुटली, तरी त्यांचा झूलेलाल ज्या माशावर बसतो त्याचें ‘पल्ला’ हें नांव सुटलें नाहीं. जरीपटका हें मराठ्यांच्या निशाणाचें नांवही पाट्यांवर टिकलें आहे. निशाण मात्र येथें कोणीं फडकतांना पाहिलेलें नाहीं. प्रवासचित्रांत याच्या उलट घडत आहे. वस्तु डोळ्यांपुढें हलते आहे आणि तिचें नांव जात आहे. नांव राहिलें तर वस्तूचा शोध पुढें लागूं शकतो. नुसत्या चित्रावरून नांव कोणास विचारावयाचें?