रोगाचा चेहरा: दोन चित्रात्मक आत्मकथनांचा विचार

व्यंगचित्रकाराचा व्यवसाय रूपकावर चालतो. अमूर्ताला नाक-डोळे द्यावयाचे, महागाईला राक्षसीण करावयाचे, राष्ट्राला पैलवान करावयाचे, हे त्याचे नित्याचे काम. अशा कलावंताला दुर्धर रोग जडला आणि तो आपले दुखणे चित्रांतून सांगू लागला, तर त्याची कलाच त्याच्यापुढे अडचण उभी करते. सुझन सोंटॅग यांनी १९७८ मध्ये ‘इलनेस ॲज मेटाफर’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, रोगावर रूपके लादल्याने रोग्याच्या यातनांत लज्जेची आणि अपराधभावाची भर पडते. रोगाकडे रोग म्हणूनच पाहिले पाहिजे. (स्वतः सोंटॅग यांना कर्करोग झालेला होता, पण त्या ग्रंथात त्यांनी त्याची वाच्यता केली नाही.) रूपकावाचून जिचे पाऊल पुढे पडत नाही, त्या कलेने हा आक्षेप कसा पेलावा?

या प्रश्नाची दोन उत्तरे अमेरिकेत २००६ या एकाच वर्षी प्रसिद्ध झाली: मरिसा अकोचेला मार्केट्टो यांचे ‘कॅन्सर व्हिक्सन’ आणि मिरियम एंगलबर्ग यांचे ‘कॅन्सर मेड मी अ शॅलोअर पर्सन’. दोघींनाही स्तनाचा कर्करोग झाला, आणि निदानसमयी दोघींचेही वय ४३ होते. साम्य येथेच संपते.

मार्केट्टो या ‘द न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाच्या व्यंगचित्रकार. त्यांची रेषा सराईत, पाने रंगीत, आणि कथानकाला पीळ भरपूर: विवाह तीन आठवड्यांवर आलेला, आरोग्यविमा खंडित झालेला, आणि अशा वेळी हे निदान. इंग्रजीत ‘व्हिक्सन’ म्हणजे कोल्हीण, तशीच कजाग स्त्रीही. शिवाय ‘व्हिक्टिम’ या शब्दाशी त्याचा नाद जुळतो. शीर्षकातच बळी होण्याला नकार आहे. कर्कपेशींना त्या हिरवे, खवचट चेहरे देतात आणि केमोथेरपीस उंची पादत्राणे घालून जातात. म्हणजे सोंटॅग ज्याला आक्षेप घेतात ते सर्व येथे आहे: शत्रू आहे, युद्ध आहे, वीरवेशही आहे. तथापि या रूपकांनी रोग्याच्या माथी अपराध मारला जात नाही. उलट रोगाला हास्यास्पद करून मार्केट्टो त्याचा दरारा काढून घेतात; हे रूपक भय वाढविणारे नसून विटंबना करणारे आहे. सोंटॅग यांच्या विवेचनात हास्याच्या या शक्तीला फारशी जागा नाही, ही त्या विवेचनाची उणीव म्हणावी लागेल.

एंगलबर्ग यांची वाट निराळी. त्यांची चित्रे कृष्णधवल असून रेषा जवळजवळ शाळकरी आहे. आकृतींच्या मुद्रा फारशा बदलत नाहीत आणि चौकटीचा बराच भाग हस्ताक्षरातील निवेदनाने व्यापलेला असतो. काही ठिकाणी तर चित्र केवळ सोबतीला उभे असते. निव्वळ रेखनकौशल्याच्या कसोटीवर हे पुस्तक मार्केट्टो यांच्या पुस्तकापुढे टिकणार नाही. मग ते मनात अधिक काळ का रेंगाळते? एंगलबर्ग रोगाला चेहरा देण्यापेक्षा रोग्याभोवतीच्या लोकांचे बोलणे टिपतात, हे याचे एक कारण. सांत्वन करणारे, कारणमीमांसा करणारे, आधारगटात जमणारे, सारे या रुग्णेकडून काही उदात्त ऐकण्यास उत्सुक आहेत. ती मात्र दूरदर्शनवरील फुटकळ कार्यक्रम पाहते आणि शब्दकोडी सोडविते. कर्करोगाने आपण अधिक उथळ झालो, हे शीर्षकातील विधान वरवर विनोदी वाटते. पण दुःखाने माणूस उन्नत होतो, या समजुतीलाच ते हात घालते. सोंटॅग यांनी नाकारलेल्या रूपकांपैकी हे सर्वांत सभ्य आणि म्हणूनच सर्वांत चिवट रूपक होय. आपल्याकडेही भोगाला तपश्चर्या म्हणण्याची सवय जुनी आहे.

दोन्ही पुस्तकांचा घाट याच्याशी निगडित आहे. मार्केट्टो यांच्या कथेला आरंभ, संघर्ष आणि निस्तार आहे. एंगलबर्ग यांचे पुस्तक लहान-लहान, स्वतंत्र शीर्षकांच्या प्रकरणांत विखुरलेले आहे. एका तपासणीपासून दुसरीपर्यंतचा काळ जसा कोठेही पोचत नाही, तशीच ही प्रकरणेही पोचत नाहीत. त्यामुळे पुनरुक्ती होते आणि मध्ये पुस्तक रेंगाळते, हे नाकारण्यात अर्थ नाही. हार्वी पीकर आणि जॉइस ब्रॅबनर यांच्या ‘अवर कॅन्सर इयर’ (१९९४) मध्ये रुग्णाचे शरीर फ्रँक स्टॅक या दुसऱ्या चित्रकाराने रेखाटले; पीकर स्वतः चित्रे काढीत नसत. तेथे दुखणे एकाचे आणि हात दुसऱ्याचा, त्यामुळे पाहणाऱ्याचे अंतर आपोआप लाभले. एंगलबर्ग यांना ते लाभत नाही; विनोदाचा कोरडा सूरच त्यांना ते मिळवून देतो.

येथे समीक्षकाने एक सावधगिरी बाळगावयास हवी. एंगलबर्ग ऑक्टोबर २००६ मध्ये, पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, निवर्तल्या. हे ठाऊक असलेला वाचक त्यांच्या ओबडधोबड रेषेत सत्य शोधू लागतो आणि मार्केट्टो यांच्या सफाईत पोकळपणा. हा न्याय नव्हे. मृत्यूने रेषेची गुणवत्ता वाढत नाही आणि बरे होण्याने ती घटत नाही. एंगलबर्ग यांचे यश पुस्तकातच दाखविता आले पाहिजे, आणि ते दाखविता येतेही: रोग शरीरात इतरत्र पसरल्याचे कळल्यानंतरच्या पानांतही त्यांचा सूर बदलत नाही. मुद्रा त्याच, चौकटी तेवढ्याच, निवेदन तितकेच किरकिरे. एखाद्या कमी प्रामाणिक लेखिकेने तेथे आवाज खाली आणला असता.