वात्सल्य आणि रेखा : रूबेन्सचे एक रेखाटन

वात्सल्य हा स्वतंत्र रस आहे काय, हा आपल्याकडील जुना वाद. भरताने त्याची गणना रसांत केली नाही; विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त त्याला स्थान दिले. व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहातील रूबेन्सचे एक रेखाटन पाहताना या वादामागील मूळ प्रश्न पुढे येतो : पित्याची ममता कलारूप कशाने होते?

१६१८ मध्ये जन्मलेल्या निकोलास या आपल्या मुलाचे हे मुख रूबेन्सने १६१९ च्या सुमारास काळ्या व तांबड्या खडूने रेखाटले. तांबडा खडू गालांना ऊब देतो. पांढऱ्याचे मोजके स्पर्श कांतीवर उजेड आणतात. सदरा चार रेषांतच सोडून दिला आहे. गळ्यात मात्र पोवळ्यांची माळ आहे. पोवळे मुलांना अरिष्टापासून राखते, अशी त्या काळी युरोपात समजूत होती. बापाची काळजी चित्रात आली ती एवढ्या वस्तूपुरती. मुलगा आपल्याकडे पाहत नाही. त्याला गोड दिसण्याचे भान नाही, आणि चित्रकारही त्याला गोड करू पाहत नाही. अँटवर्पच्या आपल्या कार्यशाळेत शिष्यांच्या साहाय्याने भव्य वेदीचित्रे सिद्ध करणाऱ्या या कलावंताने येथे सारे वक्तृत्व आवरले आहे.

म्हणूनच हे वात्सल्य एका कुटुंबापुरते उरत नाही. भाव उत्कट असला, तरी पाहण्याची शिस्त पत्करल्यावाचून तो रसपदवीला पोहोचत नाही.