श्रद्धा, शेत आणि न्याय : तीन कृतींतील एक प्रश्न

भारतीय साहित्यातील शेतकऱ्याविषयी लिहिताना समीक्षक बहुधा दोन सोयीस्कर वाटांनी जातात. एका वाटेने गेले असता शेतकऱ्याची देवावरील श्रद्धा हे त्याच्या दैन्याचे कारण ठरते; दुसऱ्या वाटेने तीच श्रद्धा त्याच्या दैन्यावरील अलंकार होऊन बसते. पहिल्या वाटेवर कणव असते, दुसरीवर गौरव; परंतु त्याची जमीन कोणी, कशी आणि कोणत्या कागदाने नेली, हा प्रश्न दोहोंतही मागे पडतो. जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३), फकीरमोहन सेनापती यांची १८९७ ते १८९९ या काळात 'उत्कल साहित्य' मासिकातून क्रमशः आलेली ओडिया कादंबरी 'छ माण आठ गुंठ' आणि प्रेमचंदांचे 'गोदान' (१९३६) या तीन कृती शेजारी ठेवल्या असता हा प्रश्न पुन्हा पुढे येतो.

'असूड' लिहिला गेला तेव्हा पुणे-नगर भागातील १८७५ च्या दंग्यांना आठच वर्षे लोटली होती. सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि त्यातून १८७९ चा कायदा आला. कायद्याची दृष्टी रोख्यावर होती. फुल्यांची दृष्टी पंचांगापर्यंत पोहोचली. जन्मापूर्वीपासून मरणानंतरपर्यंतचे विधी, सण, ग्रहणे यांच्या निमित्ताने कुणब्याच्या घरातून काय काय बाहेर जाते याचा त्यांनी हिशेब मांडला आणि लगोलग सरकारी कचेरीतील वसुलीचाही मांडला. भटशाही आणि कामगारशाही ही त्यांच्या लेखी एकाच खातेवहीची दोन पाने आहेत. मात्र एवढ्यावरून फुल्यांना श्रद्धाहीन ठरवणे चुकीचे होईल. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त (१८९१) त्यांनी निर्मिकाची कल्पना मांडलीच. पण 'असूडा'तही वाहून जाणारी माती बांध घालून शेतातच राखावी, असा आग्रह धरणारा लेखक जमिनीकडे केवळ मालमत्ता म्हणून पाहत नाही. त्यांचा वाद श्रद्धेच्या वसुलीशी आहे.

सेनापतींनी हीच वसुली कथेत उतरवली. निपुत्रिक सारियाला देवीचे देऊळ बांधण्याची प्रेरणा होते, ती लपवून ठेवलेल्या माणसाने काढलेल्या देवीच्या आवाजामुळे. देवळासाठी कर्ज, कर्जासाठी जमीन गहाण आणि अखेर ती जमीन रामचंद्र मंगराजाच्या घशात, असा हा क्रम आहे. फसवणूक देवीच्या नावाने सुरू होते आणि दस्तऐवजाने पूर्ण होते. दोहोंपैकी एक नसते, तर दुसऱ्याचा उपयोग झाला नसता. शेवटी मंगराजाचे वैभव जाते, त्याची जमीनदारी वकिलाच्या हाती पडते. पण भागिया-सारियाचे शेत त्यांच्याकडे परत येत नाही. सेनापतींचा उपरोध येथे सर्वांत कठोर होतो. दंड आणि न्याय एकच नव्हेत, हे ते न सांगता दाखवतात.

या कादंबरीचे शीर्षक मराठी वाचकाला चकवते. आपल्याकडे चाळीस गुंठ्यांचा एकर. ओडियातील माण पंचवीस गुंठांचे आणि सुमारे एकराएवढे. त्यामुळे 'आठ गुंठ' आपल्या कानाला एकराचा पाचवा हिस्सा वाटतो, वस्तुतः तो जवळजवळ तिसरा हिस्सा आहे. शब्द तोच, जमीन निराळी. भाषांतरकाराने हे आकडे 'सहा एकरां'त गुळगुळीत करू नयेत. कारण ज्याचे शेत आहे त्याला ते गुंठ्यागुंठ्याने ठाऊक असते.

'गोदाना'तील अडचण याहून सूक्ष्म आहे. होरी ज्या 'मरजादी'साठी झिजतो, ती मराठीतील 'मर्यादा' नव्हे. 'अब्रू' जवळचा शब्द खरा. पण मला 'पत' अधिक समर्पक वाटतो. गावातील मान आणि सावकाराकडील विश्वास हे दोन्ही अर्थ या एका शब्दात आहेत आणि होरीची शोकांतिका नेमकी या दोन अर्थांच्या मध्ये घडते. झुनियाला घरात आसरा दिल्याबद्दल पंच शंभर रुपये आणि तीस मण धान्य दंड ठरवतात. होरी तो मान्य करतो. कारण पंचांत त्याला परमेश्वर दिसतो. दातादीनच्या व्याजाविरुद्ध गोबर हिशेबाने भांडतो, तर होरी ब्राह्मणाचे देणे बुडवण्यास भितो. यास भोळेपणा म्हणून मोकळे होता येणार नाही. ज्याच्यापाशी दुसरे न्यायासन नाही, तो धर्मालाच न्यायासन मानतो. आणि त्या आसनावर बसलेले असतात त्याचे सावकार. अखेरीस धनिया सुतळी विकून आलेले वीस आणे मृत पतीच्या हातावर ठेवते आणि हेच गोदान, असे दातादीनला सांगते. तेथे श्रद्धा संपत नाही. पुरोहिताचा हिशेब तेवढा संपतो.

कोणी म्हणेल, असे वाचन साहित्यकृतीला अर्थशास्त्राच्या दावणीला बांधते. मला तसे वाटत नाही. हिशेब वगळला तर धनियाच्या त्या कृतीत केवळ करुणा उरते, तिच्यातील निवाडा दिसत नाही.

'दान' या शब्दाचा इतिहास तेथे थांबला नाही. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीस भूमिहीन हरिजनांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. 'गीताई'कार विनोबांनी भूदानाच्या पुढील यात्रेत 'दान' म्हणजे समान वाटणी, असा अर्थ लावला. मिळालेल्या जमिनीपैकी बरीच नापीक वा वादग्रस्त निघाली आणि कित्येक ठिकाणी तिचे वाटपही झाले नाही. तरीही भिक्षेच्या शब्दाला हक्काचा अर्थ देण्याचा तो यत्न साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये. धनियाने वरून खाली देण्याची रीत मोडली होती. विनोबांनी जमीनवाल्याकडून ती मोडवून घेऊ पाहिली. या दोन प्रसंगांमधील अंतर मोजणे हे कृषिजीवनावरील समीक्षेचे काम आहे. त्यासाठी तिला अभंगांबरोबर सात-बाराही वाचता आला पाहिजे.