अद्भुताचा भरवसा

चौदाशे वर्षे काळाला चकवत जगलेला, वाघावर बसून फिरणारा योगी एका पोरसवदा संताला पत्र लिहायला बसतो आणि मायन्यावरच अडतो. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर ज्ञानाने हा मुलगा थोर. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर स्वतःचे वय आडवे येते. शेवटी कोराच कागद रवाना होतो. चांगदेवांची ही आख्यायिका मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. त्यांची समाधी अहिल्यानगर जिल्ह्यात, गोदाकाठच्या पुणतांब्याला आहे. वाघाने आणि त्याला सामोऱ्या आलेल्या चालत्या भिंतीने ऐकणारा थक्क होतो, पण चांगदेव खरे वाटतात ते या मायन्यामुळे. पत्राच्या पहिल्या शब्दाशी अडलेला माणूस आपल्या ओळखीचा असतो.

मराठी कादंबरीने मात्र सुरुवातीलाच उलटी समजूत करून घेतली. नारो सदाशिव रिसबूड यांनी १८६८ साली ‘मंजुघोषा’ लिहिली आणि प्रस्तावनेत आपली बाजू मांडली: आपल्या लोकांच्या रोजच्या संसारात मनोरंजक असे काही घडतच नाही, तेव्हा वाचकाला रिझवायचे तर अद्भुताकडेच वळले पाहिजे. त्यांची अडचण खरी होती. बालविवाहाच्या समाजात प्रेमकथा आणायची कुठून? पण त्यामुळे अद्भुत म्हणजे रोजच्या जगण्यापासून सुटका, ही समजूत रुजली आणि ती अजून गेलेली नाही.

रिसबुडांच्या पन्नासेक वर्षे आधी, १८१९ मध्ये, धुंडिसुत मालू यांनी ‘नवनाथ भक्तिसार’ पूर्ण केला. चाळीस अध्यायांचा हा ओवीबद्ध ग्रंथ भाविकांची पोथी आहे, गावोगाव त्याची पारायणे होतात. त्या श्रद्धेचा पूर्ण आदर राखून मी तो कथाकाराच्या नजरेनेही वाचतो, कारण अद्भुत कसे पेलावे याचा इतका मोठा वस्तुपाठ मराठीत दुसरा मला दिसत नाही. गोरक्ष संजीवनी मंत्र पाठ करत बसला आहे. मुले येतात, चिखलाच्या गाडीवर बसवायला गाडीवान करून दे म्हणून गळ घालतात. तो चिखल घेतो, हात बाहुली घडवतात, तोंडी मंत्र चालूच असतो. बाहुली जिवंत होते आणि मुले भूत भूत म्हणत पळत सुटतात. हेच पुढे गहिनीनाथ. गोरक्षाला चमत्कार करायचाच नव्हता! मंत्राने जीव येतो हे एकदा ठरले की म्हणणाऱ्याचे लक्ष कुठे होते, हे तो मंत्र पाहत नाही. आणि गोष्ट तिथे थांबतही नाही. आता त्या लेकराला दूध पाजायचे आहे, ते कोणाच्या ओटीत घालायचे ते पाहायचे आहे.

सोन्याच्या विटेची कथा तर याहून सरस. स्त्रीराज्यातून निघताना मैनाकिनीने दिलेली वीट मच्छिंद्रनाथांच्या झोळीत आहे. वाटेत रान लागते आणि हा सिद्धपुरुष चोरांच्या धाकाने कासावीस होतो. इथे काही भय आहे का, असे शिष्याला पुन्हा पुन्हा विचारतो. गोरक्ष गुपचूप झोळी उघडून पाहतो, वीट फेकतो, तिच्या जागी धोंडा ठेवतो आणि भय मागेच राहिले म्हणून सांगतो. पुढे तो गर्भगिरीचा डोंगरच सोन्याचा करून दाखवतो, पण मनात घर करते ती झोळी चाचपणाऱ्या गुरूची भीती. गर्भगिरी हा पोथीतच राहिलेला डोंगर नव्हे. पाथर्डी तालुक्यात त्याच्या कुशीत वृद्धेश्वर आहे, कानिफनाथांची मढी आहे. मढीच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो आणि समाधीच्या दर्शनाला आलेला माणूस तिथे जनावराचे दात पाहून भाव पाडतो.

अद्भुताला रोजच्या जगाचा आधार लागतो, हेच टॉल्कीनने १९३९ च्या एका व्याख्यानात वेगळ्या वाटेने मांडले होते: हिरवा सूर्य म्हणणे कोणालाही जमते, तो जिथे खरा वाटेल असे जग उभे करायला कष्ट पडतात.

नारायण धारपांनी ते कष्ट वाडे, बिऱ्हाडे, नोकरदार माणसे यांवर घेतले. त्यांची बीजे पुष्कळदा इंग्रजीतून आलेली, पण जिना करकरतो तो आपल्याकडचा. समर्थ या त्यांच्या नायकाच्या कथांत मात्र तारणहार येणार हे ठाऊक असल्याने भीती लवकर निवळते. मला त्यांच्या समर्थ नसलेल्या कथा अधिक थोर वाटतात. जी. ए. कुलकर्णींनी ‘रमलखुणा’तल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या कथांत ओळखीचा मुलूखही सोडला. तरी त्या पटतात, कारण तिथली नियती कोणालाही सवलत देत नाही. धारपांच्या एका कथेतून बीज मिळालेला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हा चित्रपट हिंदीत आला. त्यातल्या हस्तरला भुलवायला कणकेची बाहुली लागते, पिठाच्या रिंगणाबाहेर पाऊल टाकायचे नाही, आणि हे नियम बापाला जसे लागू तसे लेकालाही. गोरक्षाच्या मातीच्या बाहुलीचे शिस्तबद्ध घराणे मला इथे पुन्हा भेटले.

आज हाती येणाऱ्या बऱ्याच मराठी अद्भुतलेखनात ही शिस्त हरवलेली आहे. हॅरी पॉटर मराठीत आला, पडद्यावर परदेशी राज्ये आणि ड्रॅगन आले, त्यांचे अनुकरण होणार हे स्वाभाविक. पण अनुकरण झाले ते तलवारींचे, मण्यांचे आणि नकाशांचे. त्या राज्यात ज्वारी कोण पिकवतो, सैन्याचा पगार कुठून येतो, मंत्र चुकला तर कोणाचे घर बुडते, यावर पानेच्या पाने अवाक्षर नसते. नायकाला नवी शक्ती हवी तेव्हा मिळते, म्हणून त्याच्या जिवाची काळजी वाटत नाही. याउलट रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) अद्भुतकथा नसूनही या लेखकांनी बारकाईने वाचावी. काही शतकांची कल्पित वंशावळ तिथे खरी वाटते, कारण माणसे जमीन, जात, भूक आणि भाऊबंदकी यांत रुतलेली आहेत.

आणि असे रुतलेले अद्भुत शोधायला दूर जायला नको, शनीचे शिंगणापूर तर नेवासे तालुक्यातच आहे. चोराला शनिदेव शिक्षा करतो, म्हणून घरांना दारे लावायची नाहीत, ही तिथली श्रद्धा. २०११ साली युको बँकेने तिथे शाखा उघडली, तेव्हा कुलपाशिवाय रोकड कशी राखायची याचा विचार बँकेलाही करावा लागला. अशा गावावर कादंबरी लिहायला बसणाऱ्याला पहिल्याच प्रकरणात ठरवावे लागेल: भूक लागलेल्या पोराने शेजारच्या दुरडीतली भाकरी उचलली तर ती चोरी धरायची का? सावकाराने व्याजात लुबाडले तर? सासरहून रात्री निघालेली मुलगी बिनदाराच्या घरात कुठे लपेल?