वारसा सगळ्यांना हवा, बोजा कुणाच्या नावावर?

गेल्या दिवाळीत पिशोरला गेलो होतो तेव्हा चुलतभावानं मला बाजूला घेतलं. "तू सॉफ्टवेअरवाला आहेस ना, एक काम कर. साहेबांच्या आवाजात तीस सेकंदांचं काहीतरी बनवून दे. 'पिशोरच्या माझ्या शिवसैनिकांनो' असं सुरू झालं पाहिजे. स्टेटसला टाकतो." तो शिवसेनेत आहे. कोणत्या शिवसेनेत ते सांगत नाही, कारण दुसऱ्या शिवसेनेतल्या पोरांनीही मला हेच काम सांगितलं असतं.

मी "बघतो" म्हणालो आणि केलं नाही. काम अवघड नव्हतं. बाळासाहेबांच्या भाषणांचं तासन् तास रेकॉर्डिंग उपलब्ध आहे आणि आवाजाची नक्कल करणाऱ्या आजच्या मॉडेलना काही मिनिटांचा नमुनाही पुरतो. एप्रिल २०२५ मध्ये नाशिकला उद्धव ठाकरे यांच्या पक्षाच्या शिबिरात एआयनं तयार केलेलं बाळासाहेबांचं भाषण ऐकवलं गेलं होतं. त्यात ते भाजपवर आणि शिंदे गटावर तुटून पडले. विरोधकांनी त्याची टिंगल केली. पण मला त्या भाषणात खटकलं ते वेगळंच. मॉडेल आवाज देतं, शब्द मात्र कुणीतरी जिवंत माणूस टाइप करतो. गेलेला माणूस त्यावर "हे मी म्हणालो नव्हतो" असं म्हणू शकत नाही आणि ऐकणारा त्याला प्रश्नही विचारू शकत नाही.

बाळ ठाकरे यांच्या मृत्यूनंतरची सगळी चर्चा मला याच जातीची वाटते. त्यांच्या नावावर बोलणारे भरपूर, त्यांच्याबद्दल बोलणारे थोडे.

वारसा म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे 'वारसा' हा शब्द दोन ठिकाणी येतो. एक, भाषणात: विचारांचा वारसा. दुसरा, तलाठ्याकडे: वारस नोंद. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही दुसरा आधी कळतो. घरातलं माणूस गेलं की मृत्यूचा दाखला घेऊन जायचं, अर्ज द्यायचा, फेरफार मंजूर झाला की सातबाऱ्यावर नावं चढतात. पण त्याच सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. सोसायटीचं कर्ज, बँकेचा बोजा, सगळं तिथं लिहिलेलं असतं. जमीन नावावर आली की बोजाही येतो. वाट्याला आलेल्या मालमत्तेपुरतं तरी वाडवडिलांचं देणं वारसाला चुकवावंच लागतं. "विहीर माझी, कर्ज आजोबांचं" असं चालत नाही.

राजकारणातल्या वारशाला हा रकानाच ठेवलेला नाही.

दसरा २०१२, तारीख २४ ऑक्टोबर. शिवाजी पार्कच्या मेळाव्याला बाळासाहेब येऊ शकले नाहीत. त्यांचं रेकॉर्ड केलेलं भाषण पडद्यावर दाखवलं गेलं. शरीर थकलंय असं ते म्हणाले आणि मला सांभाळलंत तसं उद्धव-आदित्यला सांभाळा, असं आवाहन केलं. म्हणजे शेवटचं जाहीर भाषण वारस नोंदीचंच होतं, तेही भर सभेत. पुढं जून २०२२ मध्ये पक्ष फुटला आणि १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगानं नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिलं, ते आमदार-खासदारांच्या संख्याबळावर. तेव्हापासून वाद चालू आहे तो खरा वारस कोण याचा. इतर हक्कांत काय काय लिहिलंय, हे दोन्हीकडचं कुणी वाचून दाखवत नाही.

आमच्या घरातला सतरा नोव्हेंबर

१७ नोव्हेंबर २०१२ ला शनिवार होता. भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते. मी शाळेत होतो, सुट्या चालू होत्या. ते वर्ष दुष्काळाचं, कापूस कसाबसा आलेला. दुपारनंतर टीव्हीवर बातमी आली आणि आप्पा रडले. आजोबा गेले तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

आप्पा बाळासाहेबांना कधी भेटले नाहीत. मग का रडले? हे मी पुढं त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आमच्याकडं ना कारखाना, ना बँक, ना कॉलेज. कन्नडला तहसीलमध्ये गेलो की दारात उभं ऱ्हायचो. शाखेची पाटी लागली, अन् साहेब लोक खुर्ची द्यायला लागले."

मराठवाड्यात शिवसेना १९८५ च्या सुमारास आली ती अशा पोरांमुळं वाढली. सहकाराच्या आणि शिक्षणसंस्थांच्या राजकारणात ज्यांच्या आडनावाला किंमत नव्हती, त्यांना एक गमछा आणि एक पद मिळालं. १९८८ च्या औरंगाबाद महापालिका निवडणुकीत शिवसेना सर्वात मोठा पक्ष झाली. ८ मे १९८८ ला सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर बाळासाहेबांनी शहराला 'संभाजीनगर' म्हटलं. आप्पांच्या पिढीसाठी ती नुसती नावाची घोषणा नव्हती, आपण कुणीतरी झालो याची पावती होती. ही जमेची बाजू खरी आहे आणि ती नाकारून कुठलीच चर्चा पुढं जात नाही.

इथंच मला टीकाकारांचाही हिशोब अपुरा वाटतो. प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी दोनच दिवसांत 'द हिंदू'मध्ये लेख लिहून आपण श्रद्धांजली का वाहू शकत नाही, ते सांगितलं. मेलेल्याबद्दल चांगलंच बोलावं हा नियम त्यांनी मानला नाही. भूमिपुत्राचं राजकारण राज्यघटनेच्या विरोधात आहे, हा त्यांचा मुद्दा बरोबर होता आणि त्या आठवड्यात तो लिहिणं धाडसाचं होतं. पण तो लेख वाचून आप्पा का रडले ते कळत नाही. लाखो माणसं अंत्ययात्रेत का चालली, तेही कळत नाही. चूक काय ते सांगितलं, पण त्या चुकीला एवढी माणसं का जोडली गेली, हा प्रश्न सोडून दिला.

त्या शनिवारी आमच्या गावात दुकानं बंद झाली. माझ्या बाकावर बसणाऱ्या मित्राच्या वडिलांचं शिलाईचं दुकानही बंद झालं. तो मुसलमान. कित्येक वर्षांनी पुण्यात एकत्र जेवताना मी त्याला तो दिवस आठवतो का, असं विचारलं. म्हणाला, "आठवतो ना. अब्बूंनी दुपारीच शटर ओढलं. तुमच्याकडं दुःख होतं, आमच्याकडं भीती होती. रस्त्यावरून बघणाऱ्याला दोन्ही शटर सारखीच दिसली असतील."

दुसऱ्याच दिवशी, अंत्यसंस्कार चालू असताना, पालघरमधल्या एका तरुणीनं फेसबुकवर लिहिलं की एका माणसासाठी सगळं बंद कशाला. तिच्या मैत्रिणीनं ते लाइक केलं. दोघींना अटक झाली आणि एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्यात तोडफोड झाली. पुढं गुन्हे मागे घेतले गेले. त्या घटनेनंतर श्रेया सिंघल या विद्यार्थिनीनं सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द झालं. आज आपण जे काही पोस्ट करतो, त्यातली थोडी मोकळीक तिथून आली आहे. मला मात्र आठवतं ते आप्पांचं वाक्य. टीव्हीवर ती बातमी बघून ते म्हणाले, "तू फेसबुकवर काही लिहू नको." म्हणजे नेत्यावर प्रेम करणारा माणूसही आपल्या पोराला त्याच्याबद्दल गप्प राहायला सांगत होता. श्रद्धांजलीच्या इतक्या अग्रलेखांपेक्षा त्या एका वाक्यानं मला या वारशाबद्दल जास्त सांगितलं.

कोर्ट सिनेमातलं आणि खरं

वारशाची सर्वात महागडी मांडणी म्हणजे २५ जानेवारी २०१९ ला आलेला 'ठाकरे'. दिग्दर्शक अभिजित पानसे, कथा आणि निर्मिती संजय राऊत यांची, मुख्य भूमिकेत नवाजुद्दीन सिद्दिकी. नवाजुद्दीननं काम चोख केलं आहे: चालणं, थांबणं, चष्म्याआडून बघणं. पण सिनेमाचा सांगाडा बघा. बाळासाहेब बाबरी प्रकरणी लखनौच्या कोर्टात उभे आहेत, वकील प्रश्न विचारतात आणि त्या उत्तरांतून आयुष्य उलगडतं. कल्पना उत्तम. नेत्याला पिंजऱ्यात उभं करून त्याच्या आयुष्याची उलटतपासणी करण्याची अशी संधी चरित्रपटाला क्वचित मिळते. पण इथं प्रश्न येतो तो पुढच्या टाळीच्या वाक्याला चेंडू टाकायला. उत्तर दिलं की विषय संपतो. दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही. साक्षीदार म्हणून ज्याचं दुकान फुटलं तो कधीच येत नाही. मुस्लिम माणूस येतो, तो बाळासाहेबांच्या घरी नमाज पढायला. म्हणजे बचावाचा साक्षीदार म्हणून.

सिनेमा हिंसा लपवत नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पण प्रत्येक हिंसेच्या आधी अन्यायाचा एक प्रसंग ठेवून तो हिशोब तिथल्या तिथं मिटवतो. आणि १९९५ ला, सत्ता आल्यावर, पुढच्या भागाचं आश्वासन देऊन थांबतो. तो कुठं थांबतो हे महत्त्वाचं आहे. कारण न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ चा आहे.

मुंबईच्या त्या दंगलींत ९०० माणसं मेली असं अहवाल सांगतो: ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, बाकीचे इतर आणि ओळख न पटलेले. जानेवारी १९९३ च्या हल्ल्यांत बाळासाहेबांनी एखाद्या मुरलेल्या सेनापतीसारखं शिवसैनिकांना चालवलं, असा त्यातला निष्कर्ष आहे. तेव्हा मनोहर जोशींचं सरकार होतं, त्यांनी तो फेटाळला. जुलै २००० मध्ये 'सामना'तल्या अग्रलेखांच्या प्रकरणात बाळासाहेबांना अटक झाली. कोर्टानं मुदत उलटून गेल्याचं कारण देऊन प्रकरण निकाली काढलं आणि ते त्याच दिवशी घरी परतले. सिनेमातल्या कोर्टात त्यांना बोलायला दोन तास मिळाले. खऱ्या कोर्टात प्रश्न विचारायच्या आधीच वेळ संपली होती.

सिनेमा मुंबईचा आहे. आमच्या भागापुरता इतर हक्कांचा रकाना भरायचा तर नामांतर लिहावं लागेल. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ चा. त्यानंतर गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा शिवसेना इथं नव्हती, त्यामुळं ते पाप तिच्या नावावर टाकता येणार नाही. पण नंतर आली ती नामांतराला विरोध करत आली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तो तिच्या विरोधानंतरही. शहराचं नाव बदलणं हा अभिमान आणि विद्यापीठाचं नाव बदलणं हा अन्याय, हे दोन्ही एकाच व्यासपीठावरून आम्हाला सांगितलं गेलं. आता आम्ही छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात राहतो आणि आमच्या पदवीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असं छापलेलं असतं. पहिल्या नावाच्या श्रेयासाठी दोन्ही सेना भांडतात. दुसऱ्या नावाबद्दल आपल्या पक्षाची भूमिका चुकली होती, एवढं म्हणायला वारसांपैकी कुणी उभं राहील का?

मग काय करायचं

माझं म्हणणं एवढंच आहे. गेलेल्या नेत्याबद्दल वाईट बोलू नये, हा नियम तेराव्यापर्यंत ठीक आहे. तो घरच्यांच्या दुःखाचा मान आहे. पण त्याच्या नावावर आजही मतं मागितली जात असतील, त्याचा आवाज मशीनमधून काढून आजच्या विरोधकांवर सोडला जात असेल, तर तो नेता अजून निवडणुकीत आहे. आणि निवडणुकीत असलेल्या माणसाला प्रश्न विचारणं हा त्याचा अपमान होत नाही. वारसा सांगणाऱ्यानं दोन्ही रकाने वाचावेत. खुर्ची मिळाली तेही, आणि शटर ओढलं गेलं तेही.

चुलतभावाला मी शेवटी क्लिप पाठवली. बनवलेली नाही, खरी: २०१२ च्या दसऱ्याची, थकलेल्या आवाजातली. त्याचा लगेच मेसेज आला, "हे जुनं ए रे. नवीन पाहिजे."

मग मी आप्पांना हा लेख वाचून दाखवला. श्रीकृष्ण अहवालाच्या जागी त्यांनी मला थांबवलं. मला वाटलं, आता चिडतील. म्हणाले, "आम्ही सगळी भाषणं ऐकली. अहवाल कुणी वाचला नाही. मराठीत आहे का?"

मी म्हटलं, शोधतो.

"शोध," म्हणाले. "अन् तुझ्या त्या मित्राला पुढच्या सुट्टीत घेऊन ये. त्याच्या अब्बूंनी दुकान का बंद केलं होतं, ते मला कधी विचारावंसंच वाटलं नाही."