बिअरचे वाङ्मय आणि टीकाकाराचे मौन

इंग्लंड-अमेरिकेतील पुस्तकांच्या दुकानांत अलीकडे एक प्रघात पडला आहे. लहान कारखान्यांत, कारागिराच्या देखरेखीखाली थोड्या प्रमाणात तयार होणाऱ्या बिअरला तिकडे 'क्राफ्ट बिअर' म्हणतात. तिच्याविषयी एखादी नवी मार्गदर्शिका निघाली की दुकानात सायंकाळी मेळावा भरतो. ग्रंथकार दोन पाने वाचून दाखवितो, गावातला बिअर करणारा पेले भरून देतो, आणि श्रोते पेला रिता करून, पुस्तकावर स्वाक्षरी घेऊन घरी परततात. समारंभ मोठा प्रसन्न असतो यात संशय नाही. परंतु अशा प्रसंगी गुणगान नेमके कशाचे होते, पुस्तकाचे की पेल्याचे, हा प्रश्न टीकाकाराने विचारलाच पाहिजे.

आमच्या काही वाचकांस हा विषयच मुळी अप्रशस्त वाटेल. ज्या भाषेत राम गणेश गडकऱ्यांनी 'एकच प्याला' हे नाटक लिहिले, तिच्यात मद्याचे नाव निघताच सुधाकराचा सर्वनाश डोळ्यांपुढे उभा राहावा, हे स्वाभाविकच होय. तो इशारा आजही खोटा ठरलेला नाही, आणि त्याला बाध आणण्याचा आमचा हेतूही नाही. येथे विचार करावयाचा तो लेखनाचा. जिभेला कळते ते शब्दांत आणून दुसऱ्यास विश्वासाने सांगावयाचे, तर लेखकाच्या अंगी काय असावे लागते?

या वाङ्मयाचा पाया ज्यांनी घातला त्यांत मायकेल जॅक्सन (१९४२–२००७) यांचे नाव अग्रभागी येते. हे यॉर्कशरमध्ये जन्मलेले वृत्तपत्रलेखक; सुप्रसिद्ध गायकाशी त्यांचे केवळ नामसादृश्य. त्यांचा 'द वर्ल्ड गाइड टू बिअर' हा ग्रंथ १९७७ साली प्रसिद्ध झाला. द्राक्षमद्यावर त्यापूर्वीही विपुल आणि विद्वत्तापूर्ण लेखन होते. बिअर मात्र मजुराचे पेय म्हणून पंडितांकडून उपेक्षिली गेली होती. जॅक्सन यांनी तिची कुळे लावली. मोड आणलेले धान्य, हॉपच्या वेलीची कडवट फुले, पाणी आणि किण्व, एवढीच काय ती सामग्री. पण पिल्झेन येथे १८४२ साली जन्मलेली सोनेरी बिअर आणि ब्रुसेल्सच्या आसमंतात हवेतील रानटी किण्वावर आंबणारी 'लँबिक' यांत केवढे अंतर आहे, हे त्यांनी प्रदेश, पद्धती व इतिहास यांच्या आधारे उलगडून दाखविले. ज्या वस्तूला नाव नाही तिची निवड करता येत नाही. आणि ती नाहीशी झाली तरी कोणास चुकल्यासारखे वाटत नाही. या ग्रंथाचे खरे कार्य हे नाव देण्याचेच होते.

त्याच सुमारास इंग्लंडातील बड्या कंपन्या पिपातच पक्व होणारी जुनी बिअर मागे सारून, गाळलेली व वायूच्या दाबाने फेसाळविलेली बिअर सर्वत्र खपवीत होत्या. त्याविरुद्ध १९७१ साली चार मित्रांनी स्थापलेल्या 'कॅम्रा' या संस्थेने १९७४ साली 'गुड बिअर गाइड' प्रसिद्ध केली. तिच्यात एका बड्या कंपनीविषयीचा शेरा इतका जहाल होता की काही प्रती छापून झाल्यावर तो किंचित सौम्य करावा लागला. जॅक्सन यांची रीत निराळी होती. जे नावडले त्यावर ते सहसा शाई खर्च करीत नसत. एकीकडे उघड निषेध, दुसरीकडे मौन. आम्हांस दोन्ही रीती मान्य आहेत. कारण जाणकाराने गाळलेले नाव हाही एक निवाडाच असतो.

मात्र त्याला एक अट आहे. काही तरी गाळलेले असले पाहिजे! १९७०-८० या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बिअरचे कारखाने शंभराहूनही कमी उरले होते. आज त्यांची संख्या नऊ हजारांच्या वर आहे. अर्थात् मार्गदर्शकाची गरज पूर्वीपेक्षा अधिक. परंतु आज ज्या मार्गदर्शिका निघतात, त्यांपैकी पुष्कळांत प्रत्येक पेल्याला फळांचा सुगंध असतो, प्रत्येक चव समतोल असते, आणि प्रत्येक कारखानदार ध्येयवेडा असतो. जेथे सर्वांनाच पहिल्या पंक्तीचे ताट वाढले जाते, तेथे पंक्तीला अर्थ राहत नाही, आणि मौनालाही नाही.

दुकानातील समारंभाचे भय आम्हांस वाटते ते याचसाठी. ज्याच्या मालाची परीक्षा करावयाची, त्याच्याच हातचा पेला घेऊन व्यासपीठावर बसलेल्या ग्रंथकाराची लेखणी पुढच्या आवृत्तीत थोडी तरी अडखळल्यावाचून कशी राहील? परक्यांस हसण्याचे मात्र कारण नाही. आपल्याकडील प्रकाशनसमारंभांत पेल्याऐवजी चहा आणि हार असतात, एवढाच भेद. तेथेही वक्त्याने दोष काढला तर तो औचित्यभंग ठरतो.

समारंभ अवश्य व्हावेत. आनंदाला कोणाची ना आहे? पण मार्गदर्शिकेची कसोटी दुसऱ्या दिवशी लागते. वाचक ती उघडून विचारतो, 'या दोहोंत अधिक चांगले कोणते, आणि का?' या प्रश्नाचे उत्तर जी देत नाही ती जाहिरातच, मग तिची बांधणी कितीही सुबक असो. आणि अशा पुस्तकांनी सर्वांत अधिक हानी होते ती प्रामाणिक कारागिराची. त्याचे काम खरोखरच उत्तम असते, पण ते सांगण्यासाठी हवा असलेला शब्द तोवर शेजाऱ्याच्या सामान्य मालावर खर्ची पडून झिजून गेलेला असतो.