‘पोटकंत्राट’ आणि ‘उत्पादकता’ : दोन संज्ञांची चिकित्सा

बांधकाम-व्यवसायाच्या चर्चेत ‘उत्पादकता’ हा सामान्यतः मजुराचा गुणधर्म मानला जातो. झालेल्या कामास लागलेल्या श्रमतासांनी भागावे, हे तिचे गणित. ते चुकीचे नाही. परंतु जेथे काम एका हातातून दुसऱ्या हाती उतरत जाते, तेथे ते अपुरे ठरते.

‘पोटकंत्राट’ हा शब्दच पाहावा. पोटजात जातीत सामावते, पोटकलम कलमात. त्याच न्यायाने पोटकंत्राटही मूळ कंत्राटात सामावते, अशी समजूत होते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ती मजुरीपुरती खरी केली. त्यात ‘कंत्राटदार’ या संज्ञेत पोटकंत्राटदार अंतर्भूत होता आणि थकलेल्या मजुरीचे दायित्व अखेर मुख्य मालकावर होते. वाया गेलेल्या वेळेला मात्र असा कोणी धनी उरत नाही.

गुहागरकडे जांभ्याचे घर बांधताना चिरे पुरविणारा एक आणि गवंडीकाम घेणारा दुसरा असला, म्हणजे चिऱ्यांची गाडी चुकताच गवंडी बसून राहतो. काम उक्ते असेल, तर मोजणी भिंतीची होते. त्याचा रिकामा दिवस कोणत्याच वहीत चढत नाही. रोजंदारी असेल, तर तोच दिवस आळस म्हणून त्याच्या नावावर चढतो. दोन कंत्राटांच्या सांध्यातील दोष दोन्ही रीतींत अदृश्यच राहतो.

याच तालुक्यातील अंजनवेल येथील दाभोळ वीजप्रकल्पाचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. २००१ मध्ये वीजखरेदीच्या वादातून तो बंद पडला व दुसऱ्या टप्प्याचे बव्हंशी झालेले बांधकामही थांबले. ह्यात मजुरांच्या गतीचा संबंध नव्हता. पुढे २०१३ मध्ये तेथील वायू-टर्मिनल चालू झाले. तथापि लाटारोधक बंधारा अपुरा असल्याने त्यानंतरही काही वर्षे पावसाळ्यात जहाजे लागू शकत नसत. टाक्या बांधणाऱ्यांच्या कौशल्याचे फळ असे बंधाऱ्यापाशी अडले.

पोटकंत्राटाने विशेष कौशल्य उपलब्ध होते, हे मान्यच केले पाहिजे. आक्षेप पद्धतीवर नसून तिच्या हिशेबावर आहे. हजेरीपत्रकात खोळंब्याचे तास व त्यांचे कारण स्वतंत्रपणे नोंदले जावेत. ‘उत्पादकता घटली’ या वाक्यातील क्रियापद अकर्मक आहे. ‘घटविली’ म्हटल्याखेरीज कर्ता कोण, हा प्रश्नच उपस्थित होत नाही. तो उपस्थित न करता काढलेला निष्कर्ष मजुरावर अन्याय करणारा ठरतो.